अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

८ जानेवारी, सोमवार

गेला. काल दुपारपर्यंत धडधाकट होता, आज उठतच नाही. सूनबाईने सकाळपासून अकरा वेळा बटण दाबलं – मी मोजलं. पडदा उजळतो, मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं चक्र फिरायला लागतं, फिरतं, फिरतं, आणि फट्! काळोख. मग आपलं आपणच पुन्हा सुरू. पुन्हा चक्र. घाण्याचा बैल फिरतो तर निदान तेल तरी निघतं!

कॉम्प्युटरचं म्हणतेय मी. आमच्या ठोकळ्याचं.

दोन वर्षांहून जास्त झालं, रोज दुपारी मी त्याच्यापुढे बसून बोलते आणि तो लिहितो. मला अक्षर येत नाही. आकडे येतात – बसचा, फोनचा, विजेच्या मीटरचा – पण अक्षरांनी माझी कधी विचारपूस केली नाही आणि मीही त्यांच्या मागे लागले नाही. ठोकळा बरा होता. सगळं ऐकून घ्यायचा, मधेच "अहो, पण" म्हणायचा नाही, आणि म्हटलं की एका बाईच्या आवाजात सगळं वाचून दाखवायचा. इतकं गुमान ऐकणारं दुसरं कुणी मला उभ्या जन्मात भेटलं नाही.

आज खालच्या मजल्यावरची स्टेनोबाई लिहितेय, वहीत, पेनाने. चाळीस वर्षं कोर्टात लोकांचे जबाब उतरवून निवृत्त झाली. म्हणाली, "आजी, मी खुन्यांचं लिहिलंय. तुमचं काय घेऊन बसलात! हात लिहितो, कान विसरतात." अट एकच – जे बोलेन ते लिहिणार, खोडणार नाही. पूर्णविराम कुठे देऊ विचारत होती. म्हटलं, तुला दम लागेल तिथे दे.

माझ्या बडबडीचं मला काही नाही. गेली तर गेली, तोंड शाबूत आहे. पण त्याच ठोकळ्यात सूनबाईचे नकाशे आहेत. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कंत्राटावर आहे. जमिनीखालून जुने नळ कुठून कसे जातात, त्याचे नकाशे करते. जुन्या कागदांचा भिजून केव्हाच लगदा झालाय. म्हणून ती म्हाताऱ्या चावीवाल्यांच्या घरी जाते. जन्मभर रस्त्यातल्या लोखंडी झाकणांखाली हात घालून पाणी सोडणारी, बंद करणारी माणसं ती. कुठल्या कोपऱ्यावर नळ वळतो, कुठली चावी उलटी फिरते, सगळं त्यांच्या डोक्यात. अकरा महिने ती एकेकाच्या डोक्यातून ते काढून ठोकळ्यात भरतेय. तेवढ्यात त्यातले तिघं गेलेसुद्धा. त्यांचं आता फक्त ठोकळ्यालाच माहीत.

पंचवीस तारखेला नकाशे द्यायचे. दिले तर नोकरी पक्की. नाही दिले तर – ते ती बोलत नाही. मी विचारत नाही.

९ जानेवारी, मंगळवार

सूनबाईने मागच्या सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, परत खोचल्या. झाकण उघडून ब्रशने धूळ झाडली – एवढी धूळ की उशी भरावी! नात लांब शिकायला आहे, तिला फोन लावला. तिकडून ती म्हणते, "आजी, बंद करून चालू केलंत का?" म्हटलं, बाई गं, कालपासून तो दुसरं करतोय काय!

नातीने मग आईला काय काय सांगितलं. चालू होताना हे दाब, ते धरून ठेव. चक्र गेलं. निळा पडदा आला, त्यावर अक्षरं. सूनबाईने वाचलं आणि मटकन खाली बसली. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, "आई, तो म्हणतोय काहीतरी चुकलं. एवढंच."

हे काय नवीन सांगितलं? आम्हाला का दिसत नाही?

झालं असं. आठवडाभर ठोकळ्याच्या कोपऱ्यात एक पाटी यायची, मला नव्याने सजवा म्हणून. सूनबाई 'नंतर' दाबायची. परवा, रविवारी तिने 'आता' दाबलं आणि बाजारात गेली. आता दर अर्ध्या तासाने म्हणते, "मीच दाबलं. मला काय धाड भरली होती!" जेवली नाही धड.

स्टेनोबाई, आता मी जे बोलणार ते खोडायचं नाही म्हणालीस ना? मग लिही. जाताना सूनबाई बजावून गेली होती, "आई, तासभर लागेल, हात लावू नका." मी हात लावला नाही. समोर बसून होते. पडद्यावर आकडा होता, आकडा मला येतो. सदतीस. माझी दहा ओळी वीण झाली, सदतीस. चहा झाला, सदतीस. मला वाटलं, अडकला बिचारा. आणि माझी जन्माची खोड – खोलीतून उठलं की भिंतीवरचं बटण बंद. दिवा असो, पंखा असो. उठले आणि केलं बंद.

हात नाही लावला. बटण लावलं.

ती स्वतःला दोष देतेय आणि मी "असू दे गं" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. तोच हात!

१० जानेवारी, बुधवार

गुडघ्याच्या व्यायामाला जाऊन आले. गुडघा बरा आहे.

स्टेनोबाई माझ्याकडे बघतेय. तिच्या कोर्टात अर्ध्या जबाबाला काय म्हणतात कोण जाणे. बरं, पुरा सांगते.

गुडघा दहा महिन्यांपूर्वीच बरा झालाय. बुधवारी त्या दवाखान्याच्या बाकावर माझा मुलगा येतो. सूनबाईचा नवरा. बुधवारी त्याला सुट्टी असते, शनिवारी अर्धी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी त्याला घरातून घालवला. नोकरी सुटली होती त्याची, आणि आठ महिने बोलला नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, बागेत बसून खायचा, सहाला घरी. वर साहेबाच्या गोष्टी सांगायचा! आज साहेब असं म्हणाला, उद्या तसं करणार आहे. सगळं मनचं. कळलं तेव्हा सूनबाई म्हणाली, "नोकरी गेली त्याचं नाही हो आई. मी रोज विचारायचे दिवस कसा गेला, आणि हा रोज मला एक दिवस बनवून द्यायचा." मी तिच्या बाजूने उभी राहिले. म्हटलं, मीही त्याचं तोंड बघणार नाही.

वर्षभर बघितलं नाही. मग एकदा दवाखान्यात पुढ्यात येऊन उभा राहिला. वाळला होता. आता दूर तिकडे एका गोदामात माल मोजायला असतो. एका खोलीत राहतो.

तेव्हापासून दर बुधवारी मी गुडघा घेऊन निघते. घराण्याची रीतच म्हणायची – कामाचं नाव सांगून निघायचं आणि बाकावर जाऊन बसायचं!

ठोकळ्याचं त्याला बोलले नाही. त्याचा जीव कशाला टांगायचा.

११ जानेवारी, गुरुवार

दुरुस्तीवाला येऊन गेला. पोक आलेला, सदा जांभया देणारा माणूस. ठोकळ्यापुढे असा बसला जसा डॉक्टर पन्नासाव्या पेशंटपुढे बसतो. सोबत आणलेली पेनड्राइव्हची छोटी काडी खोचली, खटखट केलं. मग म्हणाला, "नवीन भरताना मधेच वीज गेली का?"

सूनबाई म्हणाली, "नाही बुवा. वीज नव्हती गेली."

मी विणत होते. दोन टाके पडले.

तो म्हणाला, आतली तबकडी ठीक आहे, नकाशे आत सुखरूप असतील. पण तिला कुलूप आहे. ठोकळा अर्धवट उठलाय म्हणून घाबरलाय, मालकालाही ओळखत नाही. अठ्ठेचाळीस आकड्यांचा नंबर मागतोय. तो दिला तर उघडेल आणि जुनं होतं तसं परत येईल. नाही दिला तर सगळं पुसून कोरं करावं लागेल. "कोरं म्हणजे?" "कोरं म्हणजे कोरं, ताई."

सूनबाईने पडद्यावरची धूळ बोटाने पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, ठोकळा त्याने बसवला होता. नंबर कुठे लिहून ठेवला होता का?"

त्याने. दोन वर्षांत पहिल्यांदा हा शब्द घरात आला.

म्हटलं, "कागद मला कुठे वाचता येतो!"

खोटं नाही बोलले. खरंही नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

गुडघा दुखतोय. आज खरोखरीच.

१३ जानेवारी, शनिवार

घरातले सगळे खण उलटे केले. दोन वर्षांचा कचरा निघाला, नंबर नाही. निघणार कुठून!

तो नंबर कागदावर नव्हताच. ठोकळा आणला त्या दिवशी पोरगं म्हणालं, "आई, हा आकडा जिवापलीकडे जप. पण कागद हरवतो." मी म्हटलं, मला सांग, मी विणून ठेवते. हसला. मग खरंच एकेक आकडा सांगत बसला आणि मी मफलर विणला. एका आकड्याला एक ओळ. सपाट विणीत जेवढे उलटे टाके, तेवढे उंचवटे. सातला सात, चारला चार. शून्याला काय? शून्याला एक भोक! सहा ओळींचा एक पट्टा, असे आठ पट्टे, मधे तपकिरी रेघ. मी आयुष्यात बेढब स्वेटर विणला असेन, पण मोजणी चुकले नाही कधी.

आणि तो मफलर गळ्यात घालूनच तो घरातून गेला. थंडी होती. कुणी काढून घ्यायचा?

सूनबाईला हे माहीत नाही. तिला ती नक्षी वाटायची. "आई, एवढं खडबडीत का विणलंय?" म्हणायची. तिला मी विणायला शिकवलं होतं, तेही कसंबसं. ती डावरी. तिची वीण माझ्यापेक्षा उलट्या बाजूला कलते. तिच्या विणीवरून अंगठा फिरवला की मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं लागतं. पण चिकाटी दांडगी. एक टाका चुकला तर दहा ओळी उसवेल, आणि उसवताना मलाच रागावेल!

तर आता मला नंबर हवा असेल तर मफलर हवा. मफलर हवा तर सांगावं लागेल कुठे आहे. आणि कुठे आहे हे मला कसं ठाऊक, हेही.

दुपारी मी तिला विचारलं, "अगं, तू त्या छोट्या काडीवर दर शनिवारी सगळं उतरवून ठेवायचीस ना?" म्हणाली, "चार महिने उतरवलं नाही. शनिवारी वेळच होत नाही." खरंच आहे. चार महिने झाले, दर शनिवारी तीन वाजले की ती चावीवाल्यांकडे जाते. आजही गेली. म्हटलं, ठोकळा बंद, आता त्यांना विचारून लिहिणार कुठे? "असंच," म्हणाली. "कबूल केलंय."

काम बुडालं तरी शब्द पाळते. आणि मी बघा.

१५ जानेवारी, सोमवार

आठवून विणून बघितलं. पहिला पट्टा आठवला. दुसरा निम्मा. पुढे नुसती लोकर.

दुरुस्तीवाल्याचा फोन. कोरं करायचं तर आजच सांगा, मी चार दिवस बाहेरगावी चाललोय. सूनबाईने फोन कानाला धरून डोळे मिटले. म्हणाली, "करूनच टाकू. चार महिन्यांपूर्वीचं आहे तेवढं देईन. काय म्हणतील ते म्हणतील."

म्हटलं, "गुरुवारपर्यंत थांब."

"गुरुवारी काय आहे?"

"बुधवारी माझा व्यायाम असतो. व्यायामाने डोकं चालतं. आठवेल मला तो नंबर."

"तुम्हाला आठवेल?" पहिल्यांदाच नीट वळून बघितलं तिने. "तुम्हाला माहीत होता?"

"ऐकला होता एकदा."

तिने फोनवर सांगितलं, राहू दे, लागलं तर दुसऱ्याला बोलावीन. मग भांडी घासायला गेली. नळ किती तरी वेळ नुसता वाहत होता. नळांची माणूस ती! कधी थेंब सांडू देत नाही.

थकले आज. लिहिणं बंद कर बाई.

१७ जानेवारी, बुधवार

लोकरीचा एक लांब धागा पिशवीत घालून गेले. तो आधीच येऊन बसला होता. मी बसायच्या आधीच म्हटलं, "मफलर काढ."

"बरी आहेस ना?"

"ठोकळ्याला कुलूप लागलंय. तिचे नकाशे आत आहेत. काढ लवकर."

त्याचा चेहरा पडला. "मी येऊन बघू का?"

"पायरी चढलास तर तंगडं मोडीन! मी वचन दिलंय."

"आणि हे दर बुधवारचं?"

"हा दवाखाना आहे. इथे पायरी नाही, उतार आहे."

हसला. मफलर काढला. गरम होता अजून.

टोक हातात घेतलं आणि पहिल्याच पट्ट्याला बोट अडखळलं. लोकर वेगळी. माझी वापरून मऊ झालेली, ही करकरीत. रंगही जरा वेगळा वाटला, पण माझ्या डोळ्यांचा काय भरवसा. म्हटलं, "हे काय?"

"दारात अडकून टोक उसवलं होतं. घेतलं करून."

"कुणाकडून?"

"आहे एक."

"बाई?"

"बाईच."

"बरी आहे?"

त्याने जरा विचार केला. "चिडकी आहे. पण मन लावून करते."

घ्या! इथे एका बाईच्या पोटात दुखेल म्हणून मी तोंडाला टाके घालून बसलेय, आणि यांचे टाके घालायला दुसरी हजर! मोजायला बसले.

उंचवट्यावर बोट, धाग्याला गाठ. पाच उंचवटे, पाच गाठी. मग अंतर. शून्य आलं की धाग्याला एक फास. एकदा मोजायचं, त्याने पुन्हा मोजायचं, जुळलं की पुढे. गोदामात माल मोजतो, तिथे काय कामाला येतं ते कळलं. त्याला म्हटलं कागदावर लिही, मग म्हटलं नको. तिने अक्षर ओळखलं तर?

शेजारी मानेला पट्टा बांधलेला एक गृहस्थ होता. त्याला वळून बघता येईना, म्हणून सगळाच वळला. "काय चाललंय हो?" म्हटलं, "जप."

आतली पोरगी ओरडली, "नंबर बारा!" मी ओरडले, "थांब गं, चौथ्या पट्ट्यात आहे!"

तास लागला. निघताना त्याने मफलर गळ्यात घातला आणि विचारलं, "ती जेवते ना?"

म्हटलं, तुला काय करायचंय. मग म्हटलं, नाही.

येताना बसमध्ये धागा मुठीत धरून होते. आकडे सगळे मिळाले. पण तो दुरुस्त केलेला पट्टा? बाहेरची बाई उसवलेलं शिवते ती आपलं सपाट करून देते. इथे उंचवटे होते खरे. पण त्या बयेने मोजून घातले की मनाला येतील तसे?

१८ जानेवारी, गुरुवार

स्टेनोबाई, आज सगळं ओळीने लिही.

सकाळी सूनबाईला म्हटलं, बस. धागा काढला. एक गाठ एक, असं सांगत गेले. ती दाबत गेली, डाव्या हाताने. अठ्ठेचाळीस. शेवटचं बटण दाबलं.

ठोकळा म्हणाला, चूक.

पुन्हा. पुन्हा चूक.

सूनबाई खुर्चीच्या पाठीला टेकली. अकरा महिन्यांचा शीण एकदम चेहऱ्यावर आला तिच्या. मनात म्हटलं, त्या बयेने घात केला! पहिल्याच पट्ट्याला!

पहिल्या?

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. विणलेलं सुरुवातीकडून कधी उसवत नाही. उसवतं ते शेवटाकडून. हे मी शंभर पोरींना शिकवलंय. जे उसवलं होतं ते टोक म्हणजे शेवट! मी आपली त्याच टोकाला धरून पहिलं-दुसरं मोजत बसले. सगळा नंबर उलटा!

ओरडलेच, "अगं, शिवलेलं टोक म्हणजे शेवट! धागा उलटा धर!"

बोलून बसले आणि जीभ चावली. कसलं टोक, कुणी शिवलं, आता विचारणार ही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने काही न विचारता धागा माझ्या हातातून घेतला, उलटा धरला आणि स्वतःच मोजायला लागली. शेवटच्या सहा आकड्यांना तर तिने गाठींवर बोटही नीट ठेवलं नाही, भराभर दाबले.

चक्र फिरलं. मी भिंतीवरच्या बटणापासून चार हात लांब जाऊन बसले, हात मांडीखाली घालून. आकडे यायला लागले. बारा. वीस. सदतीस आलं आणि माझ्याने राहवेना. म्हटलं, "त्या दिवशीही इथेच होता. मी बंद केला. भिंतीवरून. तू नाही, मी."

तिने वळून बघितलं. म्हटलं, आता बोल काय बोलायचं ते. पण ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळे पुसत. "दहा दिवस मला 'असू दे गं, असू दे गं' म्हणत होतात!"

"मग असू दे की!"

पाऊण तासाने पडदा उजळला. नकाशे उघडले. निळ्या रेघाच रेघा, हाताच्या शिरांसारख्या. मेलेल्या तिघांचेही.

मग तिने भिंतीवरच्या बटणाला चिकटपट्टी लावली. दोन पट्ट्या, फुलीसारख्या.

१९ जानेवारी, शुक्रवार

सूनबाई दिवसभर झोपली. माझं जुनं सगळं ठोकळ्यात आहे म्हणाली, "वाचलं नाही हो, नुसतं आहे का बघितलं." मी काही आता त्याच्याकडे परत जात नाही. सवय लागली मला दम लागणाऱ्या माणसाची.

एक मात्र खुपतंय. नंबर चालला, म्हणजे त्या बयेने प्रत्येक उंचवटा मोजून घातला होता. कोण घालतं? नक्षी नाही, डौल नाही, नुसत्या फोडांसारख्या गाठी. आणि सूनबाईने मला एक शब्द विचारला नाही. विचारायला हवं होतं. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

२४ जानेवारी, बुधवार

पाय निघाला नाही. गेले नाही. त्या बयेचं काही कानावर यायला नको होतं.

२५ जानेवारी, गुरुवार

नकाशे देऊन आली. साहेब म्हणे एकेक पान उलटत राहिला, मग उठून दुसऱ्या साहेबाला बोलावून आणलं. महिनाभरात कळवतील. ती आल्या आल्या चपला न काढता खुर्चीत बसली. "आई, आता मी काहीच करणार नाहीये. एक दिवस." म्हटलं, जेव आधी. जेवली. दोनदा वाढून घेतलं.

२७ जानेवारी, शनिवार

तीन वाजले, ही निघाली. म्हटलं, नकाशे दिलेस ना? चावीवाल्यांकडे आता काय काम? दारातूनच म्हणाली, "असंच."

३१ जानेवारी, बुधवार

गेले होते. मफलर काढ म्हटलं नाही. त्याच्या गळ्यातच होता, त्या टोकावरून नुसता अंगठा फिरवला. मागच्या वेळी मोजत होते. मोजताना माणूस वीण बघत नाही.

मांजराच्या पाठीवरून उलटा हात.

पुन्हा फिरवला. त्याला म्हटलं, "ही चिडकी शनिवारी येते का रे?" तो दवाखान्याच्या भिंतीवरचं हाडांचं चित्र वाचायला लागला. आता कळलं, सूनबाईने त्याला नंबर का मागितला नाही – घरी आणला असता तर कुठून आणला ते मला सांगावं लागलं असतं!

येताना दुकानातून जुळत्या रंगाचा एक गुंडा घेतला. सूनबाई भाजी चिरत होती, डाव्या हाताने. तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "मन लावून केलंयस. पण पुढच्या वेळी रंग तरी जुळव."